त्या विहिरीचा रिपोर्ट कुठे आहे?

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने गावातल्या १२ विहिरींचे सॅम्पल्स आणले. वजन बांधलेली बाटली दोरीने मध्यापर्यंत सोडायची, वरचा तवंग आत येऊ द्यायचा नाही, कॅन त्याच पाण्याने विसळायचा, जंतूंच्या टेस्टची स्टराईल बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, लगेच लेबल, मग बर्फाचा डबा. (तो डबा बघून पोरं कुल्फी मागत होती!) सरांनी शिकवलं ते सगळं आम्ही नीट केलं.

सातव्या विहिरीवर एका आजींनी चहा दिला. मांडीवर दोन महिन्यांची नात, वरच्या दुधावरची. निघताना त्यांनी विचारलं, "पोरी, पानी चांगलं हाय ना गं?" मी ऐटीत म्हटलं, "आजी, उकळून प्या, म्हणजे झालं."

लॅबमध्ये त्या विहिरीचं नायट्रेट आलं लिटरला ७८ मिलिग्रॅम. आय.एस. १०५०० ची मर्यादा ४५. विहिरीला लागूनच उकिरडा होता, तेव्हा फार नवल नव्हतं. पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. अशा पाण्यात कालवलेलं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळं पडतं. म्हणजे माझा सल्ला नुसता अर्धवट नव्हता, त्या बाळासाठी चुकीचा होता.

आणि आम्ही काय केलं? ग्राफ काढला, स्पायरल बाइंडिंग केलं, व्हायवा दिला. मार्क्स चांगले पडले. रिपोर्ट डिपार्टमेंटच्या कपाटात गेला, मागच्या बॅचेसच्या रिपोर्टांशेजारी. त्यातल्या किती विहीरवाल्यांना आकडे कळले असतील? मी सीनियर्सना विचारलं, तर सगळे हसले.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या विहिरीचं पाणी आणलं त्याला एक पान मराठीत द्या: काय सापडलं, प्यायचं की नाही, बाळाला कुठलं पाणी द्यायचं. त्या पानावर त्याची सही असल्याशिवाय गाइडने प्रोजेक्टवर सही करू नये. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी गॅदरिंगच्या प्रॅक्टिसचे तास मोजावेत.

आजींचं पान मी लिहिलंय. 'नायट्रेट' ला सोपा शब्द सापडला नाही, म्हणून समोर बसूनच समजावणार आहे. शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने निघतेय. बाकीची ११ पानं लिहायला कुणी येणार असेल तर शुक्रवारी रात्री मेसमध्ये भेटा.