मातीच्या हजार वर्षांचे गाव

हिमाचल प्रदेश म्हटले की देवदारांची राई आणि सफरचंदांच्या बागा डोळ्यांपुढे येतात. याच राज्यात, तिबेटच्या सीमेलगत, स्पितीचे खोरे आहे. येथे डोंगर उघडेबोडके आणि झाडे तुरळक. पावसाळी ढग हिमालयाच्या रांगांपलीकडेच अडतात. स्पिती म्हणजे मधला प्रदेश. भारत आणि तिबेट यांच्या मधला.

या कोरड्या हवेनेच ताबो गावचा बौद्ध मठ राखला आहे. इ. स. 996 मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून पाहिला, तर शेतकऱ्याचे मोठे मातीचे घर वाटावे. आत शिरले की अंधाराला डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग भिंतींवरची चित्रे आणि भिंतींना लागून बसवलेल्या मातीच्या देवमूर्ती हळूहळू दिसू लागतात. आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. बॅटरी मात्र जवळ असू द्यावी. 1975 च्या भूकंपात मठाचे नुकसान झाले, तरी तो टिकला. 1996 मध्ये सहस्राब्दीनिमित्त खुद्द दलाई लामांच्या उपस्थितीत येथे कालचक्र सोहळा झाला.

माती इतकी वर्षे टिकली, ती मात्र केवळ हवेच्या जोरावर नव्हे. छतावरचे बर्फ वितळून मुरण्याआधी झाडावे लागते, भेगा पुन्हा मातीने लिंपाव्या लागतात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी कौले चाळत, तसेच हे काम. अलीकडे येथेही अवेळी पाऊस पडू लागला आहे आणि मातीच्या छताला तोच मोठा शत्रू. ताबोहून काझाकडे जाताना लागणारे धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. झिजत चाललेल्या सुळक्यांवर तोल सावरून उभा असलेला तेथील मठ 2006 मध्ये जगातील 100 धोक्यातील वास्तूंच्या यादीत घेतला गेला.

मुक्कामासाठी हॉटेलांपेक्षा गावकऱ्यांची घरे बरी. सपाट छतावर सरपण आणि चारा रचलेला असतो. हिवाळ्याची ती बेगमी. चुलीभोवती बसून गरम थुक्पा आणि लोणी-मिठाचा चहा घेताना या लोकांचे जीवन जवळून कळते. जव आणि वाटाण्याची शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते. ते पाणी डोंगरातून पाटाने आणायचे आणि पाळीपाळीने वाटून घ्यायचे. जुन्या घरांत शौचालयही कोरडे असते आणि त्याचे खत शेताला जाते. अशा ठिकाणी रोज बादल्या भरभरून आंघोळ करण्याचा हट्ट पाहुण्याने धरू नये.

लांगझा गावाभोवती शंखासारख्या प्राण्यांचे दगड झालेले अवशेष सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता, त्याची ही खूण. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम याच जातीचा. ते दगड पाहावेत, मुलांना दाखवावेत. पण उचलू नयेत, विकतही घेऊ नयेत. प्रत्येकाने एकेक नेला, तर पुढच्यांनी काय पाहावे?

जाण्यासाठी जून ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. मनालीकडून कुंझुम खिंडीमार्गे रस्ता जवळचा, पण चढ एकदम होतो. सिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो असे टप्प्याटप्प्याने गेल्यास विरळ हवेची शरीराला सवय होते. रेकाँग पिओहून काझासाठी सरकारी बसही मिळते. काझा सुमारे 3,600 मीटर उंचीवर आहे, म्हणून पहिले दोन दिवस धावपळ टाळावी. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे. उबदार कपडे, नेहमीची औषधे आणि पुरेशी रोकड बरोबर घ्यावी. प्लॅस्टिकचा कचरा मात्र आपल्याबरोबर परत आणावा. मातीच्या गावात तो जिरत नाही.