परवाना मिळाला, आता बंदूक सांभाळा

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांपैकी नियम ३ आपल्या चळवळीतील फार थोड्या कार्यकर्त्यांनी वाचला आहे. अत्याचाराची भीती असलेला भाग शासनाने निश्चित करावा, जरूर वाटल्यास त्या भागातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत आणि जरूर वाटल्यास आपल्या माणसांना परवाने द्यावेत, असे हा नियम सांगतो. हे 'जरूर वाटल्यास' कलेक्टर कचेरीत किती जड होते, ते आम्ही वकिली करताना पाहत आलो आहोत. तरीही काही बांधव चिकाटीने परवाना मिळवतात, बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन बंदूक घेतात आणि मग सल्ला विचारायला येतात. अर्ज करण्यापूर्वी यायला हवे होते, पण असो.

ज्यांचा अर्ज अजून अडकला आहे त्यांच्यासाठी एवढेच. 'तुझ्याकडे आहे काय, तुला बंदूक कशाला?' असे विचारणाऱ्या बाबूला शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १४ दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. नकार दिला तर कारणे लेखी मागा आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करा.

आता बंदुकीकडे वळू. पंप बंदुकीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात बसतात. पुढची मूठ मागे ओढली की झाडलेले टरफल बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. नवा मालक फसतो तो इथेच. तो नळकांडे रिकामे करतो आणि बंदूक रिकामी झाली असे समजतो. चेंबरमधले काडतूस तसेच राहते. म्हणून मूठ पूर्ण मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा, आणि हे दर वेळी करा, मग बंदूक भावाच्या हातून आलेली असो की दुकानदाराच्या. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नका. बहुतेक बंदुकांत तो फक्त चाप अडवतो. बार काढायचा ठरल्याखेरीज बोट चापावर नकोच. मूठ अर्धवट ओढली तर काडतूस अडकते, म्हणून सराव नकली काडतुसांवर करा.

काडतुसांवर 'केएफ' हा छाप दिसला तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. बोअर आणि लांबी बंदुकीच्या नळीवर कोरलेली असते, ती पाहूनच खरेदी करा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून अडकते, आणि त्यामागून बाराचे झाडले तर नळी फुटते, हाताची बोटे जातात. बार फुसका वाजला तर पुढचा काढू नका, आधी बंदूक रिकामी करून नळी तपासा. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काडतुसे कोरड्या डब्यात ठेवा. कागदी टरफल दमटपणाने फुगते. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात. घरात कुणाला दारूचे व्यसन असेल किंवा कुणी खचलेला असेल तर किल्ली घराबाहेरच्या माणसाकडेही ठेवू नका, बंदूकच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

याहून मोठा धोका कागदाचा आहे. वस्तीवर हल्ला झाला, आपण अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली, की दुसऱ्या दिवशी आपल्यावर उलटी फिर्याद येते. हा खेळ गावोगावी ठरलेला आहे. पूर्वी त्यात काठ्या-कुऱ्हाडी असत. घरात परवान्याची बंदूक आहे म्हटल्यावर 'आमच्यावर बंदूक रोखली' एवढे एक वाक्य पुरते. मग कलम १७ खाली परवाना निलंबित होतो आणि आरोपी तुम्ही ठरता. आमच्या एका पक्षकाराने बंदूक खांद्याला लावून नुसता बाजारात फेरफटका मारला होता. त्या फेरफटक्याचे साक्षीदार विरुद्ध बाजूला आयते मिळाले. म्हणून बंदूक मिरवू नका. प्रत्येक काडतुसाची खरेदी आणि वापर वहीत तारखेसह लिहा, पावत्या जपा, परवान्याची मुदत संपण्याआधी अर्ज करा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत किंवा लग्नात हवेत बार काढण्याची हौस असेल तर ऐका: २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. नळी कापून आखूड करणे हाही वेगळा गुन्हा आहे. शेतात रानडुक्कर आले म्हणून गोळी घातलीत तर वन्यजीव कायदा आहेच.

बंदूक चालवायची कधी? भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जीव जाण्याची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, राहते घर पेटवले जात असेल, रात्री घर फोडले जात असेल, तर प्राणघातक प्रतिकारालाही कायदा मान्यता देतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि हल्लेखोर पाठ फिरवून पळाला की हा हक्क सहसा संपतो. पळत्या माणसाच्या पाठीत छर्रे सापडले तर आम्ही कोर्टात काय बोलणार? शिवाय मोठे छर्रे पत्र्याच्या भिंतीतून आरपार जातात, आणि आपल्या वस्तीत पत्र्यामागे आपलीच लेकरे झोपलेली असतात.

शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मांडली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. 'आम्हाला बंदुकीचा हक्क आहे' असे भाषणात ठोकणाऱ्या तरुणांनी ती चर्चा काढून वाचावी. आपल्याला मिळाला आहे तो परवाना.

निवडणूक आली की पोलीस बंदूक जमा करायला सांगतात. सरसकट सगळ्यांची जमा करता येत नाही, प्रत्येक प्रकरण तपासले पाहिजे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली दिला आहे. तुमच्या वस्तीला धोका असेल तर तो निकाल जोडून छाननी समितीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरीही जमा करण्याचा आदेश आला तर वाद न घालता जमा करा, पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्या आणि निवडणूक संपताच ती परत मागा.