लिंकन वगळले गेले तेव्हा

१२ फेब्रुवारी ही अब्राहम लिंकन यांची जयंती. अमेरिकेने या नेत्याचे पुतळे पुष्कळ उभारले. पण संगीतकार आरन कोपलंड यांच्या ‘लिंकन पोर्ट्रेट’ या निवेदनासह वाजणाऱ्या वाद्यवृंदरचनेची सर त्यांतल्या फार थोड्यांना येईल. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर वाद्यवृंद संचालक आंद्रे कोस्टेलानेट्झ यांनी काही संगीतकारांकडून थोरांची सांगीतिक व्यक्तिचित्रे मागवली. कोपलंड यांच्या मनात कवी वॉल्ट व्हिटमन होते. मार्क ट्वेन आधीच दुसऱ्याच्या वाट्याला गेल्याने, साहित्यिक नको, राजकारणी पाहा, असे त्यांना सुचवले गेले. १४ मे १९४२ रोजी सिनसिनाटीत ही रचना प्रथम वाजली.

सुमारे पंधरा मिनिटांच्या या रचनेत निम्मा वेळ निवेदक गप्पच असतो. आधी वाद्यवृंद बोलतो. मध्येच ‘कॅम्पटाउन रेसेस’ या गाण्याची उडती चाल डोकावते आणि संगमरवरी लिंकन माणसांत येतात. मग निवेदक त्यांची उंची सांगतो, जन्म कुठला ते सांगतो. स्तुती जवळजवळ नाहीच. बाकी शब्द लिंकन यांचेच. एकाने राबायचे आणि दुसऱ्याने आयते खायचे, हे राजाने म्हटले काय की गुलामांच्या मालकाने, जुलूम तो जुलूमच, हा १८५८ च्या वादसभेतला मुद्दाही त्यात आहे. निवेदकाने नाटकीपणा न करता साधेपणाने वाचावे, अशी कोपलंड यांची सूचना होती. जयंतीच्या व्यासपीठावर माइक हाती येताच नेत्याहून मोठे होणाऱ्या आपल्याकडच्या सूत्रसंचालकांना ती छापून द्यायला हरकत नाही.

जानेवारी १९५३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनिमित्त होणाऱ्या मैफलीतून ही रचना ऐनवेळी वगळली गेली. कोपलंड यांची डाव्यांशी ऊठबस असल्याचा आक्षेप काँग्रेस सदस्य फ्रेड बसबी यांनी घेतला होता. आयझेनहॉवर रिपब्लिकन, बसबीही रिपब्लिकन, आणि लिंकन तर त्या पक्षाचे पहिले राष्ट्राध्यक्ष! आक्षेप संगीतकारावर होता, गप्प बसवले गेले ते लिंकन. मे महिन्यात कम्युनिस्टांच्या मागे लागलेले सिनेटर मॅकार्थी यांच्या उपसमितीने कोपलंड यांना जबाबासाठी बोलावले.

पुढे हेच निवेदन ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांनी केले आणि सिनेटर असताना बराक ओबामा यांनीही केले. १९६४ मध्ये कोपलंड यांना अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळाले. बसबी यांचे नाव आज निघते ते बहुधा त्या एका आक्षेपापुरतेच.