देणे आणि सोपवणे



स्पॅनिश भाषेत देण्याला ‘दार’ म्हणतात. हे क्रियापद लॅटिन ‘दारे’वरून आले. आपले ‘देणे’, संस्कृत ‘दान’ आणि फ्रेंच ‘दोने’ याच कुळातले. इंग्रजी ‘गिव्ह’ मात्र परक्या घरचा. तरी इंग्रजीतही ‘दारे’ची लेकरे आहेत. रोमन लोक पत्रावर ‘अमुक गावी, अमुक दिवशी दिले’ असे लिहीत. त्यातल्या ‘दिले’वरून तारखेला ‘डेट’ नाव पडले.

‘दारे’ला ‘पलीकडे’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘त्रादेरे’ झाले, म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवणे. त्यातून इंग्रजीत दोन शब्द निघाले: ‘ट्रॅडिशन’ म्हणजे परंपरा आणि ‘ट्रीझन’ म्हणजे द्रोह. ठेवा मुलांच्या हाती दिला तर परंपरा, शत्रूच्या हाती दिला तर द्रोह.

आपण नेहमी म्हणतो, परंपरा जपली पाहिजे. पण हा शब्द जपण्याचा नाही, देण्याचा आहे. गणेशचतुर्थीला आरती म्हणायची आणि घरात मुलांशी मराठीचे एक वाक्यही बोलायचे नाही, याला परंपरा कसे म्हणावे? पेटीत कुलूपबंद ठेवलेली भाषा कोणाला मिळत नाही. ती रोज थोडी थोडी द्यावीच लागते.