तळ्यांचे पनवेल

सुट्टीत नातवंडे आली की मी त्यांना संध्याकाळी वडाळे तळ्यावर नेते. या वेळी धाकट्याने विचारले, "दादी, बंदर रोडवर बंदर कुठंय?" मला हसू आले, पण प्रश्न रास्त होता.

गाढी नदीच्या खाडीवर इथे खरोखरच बंदर होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईकर होडीने पनवेलला उतरत आणि इथून पुण्याची वाट धरत. भात-मिठाचा व्यापार चाले. पनवेलच्या बैलगाड्या आणि चाके नावाजलेली होती. १८५२ मध्येच इथे नगरपालिका आली. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी गेली, ती मात्र कर्जतवरून. हळूहळू बंदर ओसरले आणि रस्त्याला नाव तेवढे राहिले.

गावात वस्ती सगळ्यांची. पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला, बाजारातली मराठी-गुजराती घरे. बेने इस्रायलांचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. त्यातली बरीच कुटुंबे परदेशी गेली, तरी इस्रायल तलाव हे नाव गावाने सोडले नाही. शेजारी गेला तरी त्याची आठवण ठेवावी, हे या गावाकडून शिकावे.

वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तळीही सगळ्यांचीच. नळ नव्हते तेव्हा तळी आणि विहिरी हाच आधार. तळे भरले की आसपासच्या विहिरींना पाणी राही. आता घरात नळ आहे, पण एप्रिल-मे आला की टँकरची वाट पाहणेही आहे. १९९८ मध्ये लोकल आली, २०१६ मध्ये महापालिका झाली, २०२५ मध्ये जवळच विमानतळाचे उद्घाटन झाले. माणसे वाढतच जाणार. तळे मात्र नवे कोणी खोदत नाही. आहे ते बुजले की पावसाचे पाणी घरात शिरते. २००५ च्या पुराने ते दाखवून दिले.

धाकट्याने वेफरचे रिकामे पाकीट पाण्याकडे भिरकावले, तेव्हा मी त्याला ते उचलायला लावले. "बेटा, बंदर गेलं ते आपल्या हातात नव्हतं. तळं आहे," एवढेच म्हणाले. त्याने पाकीट खिशात घातले.

तुमच्याही गावात एखादे तळे असेल. या रविवारी मुलांना घेऊन जा, आणि त्याचे नाव कसे पडले ते घरातल्या बुजुर्गांना विचारा.