भिंतीवरचा ठिपका

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक खटला चालतो. आरोपी ठरलेला: माळ्यावरची माझी पत्र्याची ट्रंक. तिच्यात माझ्या व्याख्यानांच्या वह्या आहेत. १८ वर्षांपूर्वी महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो, तेव्हा रात्री जागून मी त्या लिहिल्या. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की "सगळं पाठच आहे ना तुम्हांला? मग रद्दीत जाऊ द्या की!" दरवर्षी खटला मी जिंकतो. यंदा मात्र माझी बाजू आधीच लंगडी झाली होती. त्याचे असे झाले.

पावसाळ्यात एके दिवशी वर्गात मी माझा एक ठेवणीतला विनोद सांगितला. पहिल्या बाकावरची मुलगी हसली. पण विनोद पुरा व्हायच्या आधीच! तास संपल्यावर मी कारण विचारले, तेव्हा तिने संकोचत एक वही पुढे केली. ती तिच्या थोरल्या भावाची, सहा वर्षांपूर्वीची. माझे व्याख्यान तिच्यात जसेच्या तसे होते, आणि समासात लिहिले होते, 'येथे सर विनोद करतात.'

त्या दिवशी घरी आल्यावर चहा काही गोड लागला नाही.

त्याच आठवड्यात एका प्रदर्शनात सय्यद हैदर रझा यांची जुनी जलरंगचित्रे पाहण्याचा योग आला. रझा म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो मोठा काळा बिंदू. पण ही चित्रे होती १९४० नंतरच्या दशकातल्या मुंबईची. ओले रस्ते, धूसर इमारती, मुंगीएवढी माणसे. आणि या साऱ्यांवर पसरलेला, कागदाच्या पांढरेपणातून झिरपणारा उजेड. जलरंगाची गंमतच ही, की तिथे उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. एकदा बुजवला, की गेला!

रझांचा जन्म १९२२ सालचा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगलखात्यात रेंजर. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते १९४३ साली मुंबईत आले. एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करायची आणि उरल्या वेळात शहर रंगवायचे, असा क्रम. जे. जे. मधले शिक्षण संपले ते १९४७ साली. त्याच वर्षी सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. पुढच्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. म्हणजे हात बसलेला, नाव झालेले, चाहतेही मिळालेले. आपल्यासारखा माणूस इथे सतरंजी पसरून स्वस्थ बसला असता!

१९४८ साली रझा काश्मीरला गेले. तिथे त्यांची चित्रे पाहिली ती आंरी कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकाराने. त्याने साफ सांगितले, की तुमच्यात गुण आहे, पण तुमच्या चित्रांना बांधणी नाही, सेझान पाहा. पदक खिशात असताना असे बोल कोण ऐकून घेतो? रझांनी घेतले. मुंबईला परतून ते फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली पॅरिसला जाऊन अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाले.

तिथल्या पहिल्या काही वर्षांतली त्यांची चित्रे पाहिली, की हाच का तो मुंबईचा पाऊस रंगवणारा, असा प्रश्न पडतो. घरे चौकोनी, कोरून काढल्यासारखी. गल्ल्यांत माणूस नाही. वर एखादा काळा सूर्य. जलरंगाचा पातळ ओलावा गेला आणि तिथे दाट, अपारदर्शक रंग आला. पुढे तैलरंग आले आणि १९५६ साली फ्रेंच समीक्षकांचा मानाचा पुरस्कारही. मग १९६२ साली अमेरिकेत रॉथ्कोची चित्रे पाहून हात पुन्हा मोकळा झाला. घरे वितळली, उरले नुसते रंगांचे लोट.

इतके होऊनही पन्नाशीच्या सुमारास या गृहस्थांना वाटू लागले, की यात माझे स्वतःचे काय? ते वारंवार भारतात येऊ लागले, अजिंठा-वेरूळ पाहू लागले. आणि त्यांना आठवले ते लहानपणीचे गुरुजी. शाळेत या मुलाचे मन थाऱ्यावर नसे, म्हणून नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याला म्हटले होते, याच्याकडे बघत बस. तोच ठिपका पुढे त्यांचा बिंदू झाला. २०१६ साली रझा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या शेजारी त्यांना माती मिळाली.

खरे सांगू? मला अजूनही ती मुंबईची जलरंगचित्रेच जास्त आवडतात. बदलले म्हणजे सुधारलेच, असे थोडेच आहे? त्यांतला तो पावसाळी उजेड रझांना पुन्हा सापडला, असे मला वाटत नाही. मग तो सोडताना त्यांच्या जिवाला काहीच झाले नसेल? आणि मला साधा एक विनोद सोडवत नाही!

तर यंदा खटला उभा राहिला, तेव्हा मी ट्रंक स्वतःच खाली काढली. वह्या एकेक चाळू लागलो. अगदी पहिल्या वहीत, एका कवितेवरच्या टिपणाशेजारी पेन्सिलीने लिहिलेले सापडले, 'हे कडवे मला कळलेले नाही. मुलांनाच विचारावे.' पुढच्या वर्षी मी त्यावर शाईने अर्थ लिहून टाकला होता. कुणाला विचारल्याचे आठवत नाही. तो विनोद मात्र त्या शाईच्याच शेवटी होता!

दुसऱ्या दिवशी वर्गात ते कडवे वाचले आणि म्हटले, "मला याचा अर्थ नीट लागत नाही. तुम्हांला काय वाटतं?" बराच वेळ कुणी बोलेना. मलाही घाम फुटला. मग त्याच मुलीने हात वर केला. तिचे उत्तर मला पटले नाही, पण पुढचा पाऊण तास आमची झकास हमरीतुमरी झाली. तिच्या भावाच्या वहीत त्यातले अक्षरही नव्हते.

खटल्याचा निकाल असा: बाकीच्या वह्या रद्दीत गेल्या, पहिली टेबलावर आली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अठरा वर्षं लागली!"

अंगणात आमची कन्या रांगोळीचा सराव करते आहे. पहिला ठिपका मनासारखा पडेना, म्हणून तिने तो तिसऱ्यांदा पुसला आहे.