कौलं कोण परतणार?

केळशी, आडे, पाडले, आंजर्ले या आमच्या दापोलीकडच्या पट्ट्यात एखाद्या घराचं छप्पर किती जुनं असं विचारलं, तर उत्तर वर्षांत मिळत नाही. ‘वादळाच्या आधीचं’ किंवा ‘वादळानंतरचं’ एवढंच सांगतात. कोणतं वादळ, हे विचारायचं नसतं. तसं 2009च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं, 2021च्या मेमध्ये तौक्तेही किनाऱ्याला घासून गेलं. पण वादळ म्हणजे निसर्ग, 3 जून 2020. ते दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा घेऊन. आपल्याकडच्या चक्रीवादळात वाटचालीच्या उजव्या हाताला जोर जास्त असतो, आणि उजव्या हाताला आमचे मंडणगड-दापोली होते. भिंती चिऱ्याच्या, त्यांना फारसं काही झालं नाही. गेलं ते वरचं.

पुढचा आठवडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाऊस दाराशी आलेला, करोनाची टाळेबंदी चालू, वीज नाही, फोन नाही, आणि अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी छप्पर हवं. एरवी कोकणात छप्पर बदलायचं म्हणजे दोन उन्हाळे नुसती चर्चा चालते. भाऊबंद विचारले जातात, सुतार येऊन वाशांवर टिचक्या मारून जातो, देवाला कौल लावला जातो. त्या जूनमध्ये गावंच्या गावं आठ-दहा दिवसांत शाकारली गेली. ट्रकमधून जो पत्रा उतरला तो लागला. ज्याला तोही मिळाला नाही त्याने ताडपत्री ओढून पावसाळा काढला. जाडी किती, मुलामा कसला, स्क्रू कोणते, हे विचारायला कोणाला उसंत होती?

आता त्या घाईचा हिशेब पुढे आला आहे. पाच-सहा पावसाळे झाले, खारा वारा आपलं काम करत राहिला, आणि किनाऱ्यालगतच्या घरांवर पत्र्यांना पुन्हा हात घालायची वेळ आली. आमच्याही घरी. या वेळी सवड आहे, दुकानात माल आहे, त्यामुळे भांडायलाही वाव आहे. मुंबईतला थोरला चुलतभाऊ म्हणतो चांगला रंगीत पत्रा मारून मोकळे व्हा. पुण्यातल्या पुतणीला कौलं हवीत, कारण तिच्या मते ‘ते घर’ कौलांशिवाय ते घरच नाही. काकू गावात राहते, तिला कोणी अजून नीटसं विचारलेलं नाही.

कौलांची ओढ मला कळते. पण मंगलोरी कौल आपल्याला वाटतं तितकं अनादी नाही. त्याआधी इथे गरिबाच्या घरावर भाताचा पेंढा नाहीतर गवत असे, आणि बऱ्या घरावर कुंभाराने चाकावर काढलेले अर्धगोल नळे. 1865 साली बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने मंगळूरला कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची माती होतीच. खाचेत खाच बसवायची युक्ती मात्र फ्रेंच, ती 1841 मध्ये जिलार्दोनी बंधूंनी काढलेली. नळे एकावर एक दाट रचावे लागतात, त्यांचं ओझं मोठं. हे कौल थोडक्यात जास्त जागा झाकतं आणि शेजारच्याला धरून बसतं. गलबतांनी ते किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत पोचलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने काढून घेतले आणि ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तोवर मंगळूरला इतरांनीही भट्ट्या घातल्या होत्या. आमच्या पडवीचं एक कौल काढून उलटं करा: वरून शेवाळाने काळं पडलेलं, पोटाशी मात्र अजून भाजल्या मातीचा ताजा रंग, उठावाच्या अक्षरांत कारखान्याचं नाव, आणि एका कोपऱ्यात भाजण्याआधी उमटलेला कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.

तर हे असं देखणं, मेमध्ये घर थंड ठेवणारं, चुलीचा धूर फटीफटींतून सोडणारं छप्पर. त्याची एकच अट असते. त्याला घरात माणूस लागतो.

दर वैशाखात कौलं परतायची असतात. खाचांत आंब्याफणसाचा पाचोळा साठतो, त्याने पाणी अडतं, मागे फिरतं आणि रिपेवर ठिबकतं. म्हणून कौलं उतरवायची, खरवडायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, चिरलेली कौलं बाजूला काढायची आणि ओळ धरून पुन्हा लावत वर जायचं. पाय रिपेवर नाही, खालच्या वाशाचा अंदाज घेऊन तिथेच द्यायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण हे काम करणाऱ्याला ते पाठ असावे लागतात. असे पाठ असलेले लोक आता साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांची मुलं नालासोपाऱ्यात किंवा रिक्षावर. मी आमच्या जुन्या सुतारांना विचारलं, यंदा येणार का. ते म्हणाले, “मी येईन हो, पण वर कोण चढणार?”

आणि वर्षभराची राखण वेगळीच. पावसात एखादं कौल सरकतं. आमच्या माजघरावर कौलं होती तेव्हा थेंब पडला की काकू बादली ठेवायची, उघडीप मिळाली की घडवंचीवर चढायची आणि बांबूच्या टोकाने खालून ते कौल हळूच ढकलून जागेवर बसवायची. सगळा मामला पाच मिनिटांचा. शेजारच्या बंद घरात तेच कौल मृगात सरकलं तर ते गणपतीला कळतं. तोवर वासा पाणी पिऊन बसलेला असतो आणि वाळवीने आपला संसार मांडलेला असतो. त्यात माकडं. बागेतून हुसकावलेली टोळी या पाख्यावरून त्या पाख्यावर उड्या मारत जाते, आणि प्रत्येक उडीखाली एकदोन कौलं फुटतात. हाकलायला कोणी नसेल तर ती घराच्या आढ्यावर बसून आरामात शहाळी फोडतात. कौलं सोडून पत्रा घेतलेल्या माणसाला कारण विचारा, दहातले निम्मे वादळाआधी माकडाचं नाव घेतील.

म्हणून माझं मत असं बनलं आहे की आमच्या गावांत पत्रा आला तो घरं रिकामी झाली म्हणून. वारा हे निमित्त. वर्षातून गणपती, शिमगा आणि मे एवढ्यासाठी उघडणाऱ्या घराला विसरता येईल असं छप्पर हवं असतं, आणि पत्रा तसं वचन देतो. ते वचन समुद्राजवळ किती टिकतं हा पुढचा प्रश्न.

वाऱ्याचं गणित उलटं आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. आढ्यावरून वेगाने जाताना तो पलीकडचं पाखं वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी असते. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे चौरस मीटरभर जागेवर पस्तीस-चाळीस किलो वजन. अर्धा मिलीमीटर पत्र्याचं तेवढ्याच जागेवर चार-पाच किलो. शिवाय कौलाला पाणी उतरावं म्हणून पाखं चांगलं खडं ठेवावं लागतं. पत्र्याला थोडका उतारही चालतो, म्हणून फॅब्रिकेटर लोखंड वाचवायला तो कमी ठेवतो. आणि चपट्या छपरालाच वारा जास्त उचलतो. निसर्गमध्ये कौलारू घरांची कौलं गेली, अगदी सडा पडला, पण पुष्कळ ठिकाणी वासे जागच्या जागी राहिले. कौलं सुटली तसा आतला दाब निघून गेला. पत्रा एक तर अख्खा निघाला, नाहीतर पाइपसकट निघाला आणि दुसऱ्याच्या बागेत जाऊन माडाला गुंडाळला. अर्थात घरावर माडच आडवा झाला तिथे कौल आणि पत्रा दोघांचाही निकाल सारखाच लागला.

सगळ्यात वाईट गत झाली ती गच्चीवरच्या शेडांची. हा आमच्याकडचा खास प्रकार. आधी कौलं नकोत म्हणून स्लॅब टाकायचा. स्लॅबची सळई खाऱ्या हवेत गंजून फुगली, गळती लागली, की त्यावर चार खांब उभे करून पत्र्याची शेड मारायची. चारी बाजूंनी मोकळी, खालून वारा शिरायला पूर्ण मुभा. एका घराला दोन छपरांचा खर्च करून वर ही जोखीम. तरीही दर उन्हाळ्यात नव्या शेडा उभ्या राहतात, कारण गळक्या स्लॅबला दुसरा स्वस्त उपाय कोणाला सुचलेला नाही. मलाही नाही.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल थोडक्यात. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, आणि जागतिक आरोग्य संघटना त्याचा प्रत्येक प्रकार कर्करोगकारक मानते. घरावर अखंड असताना त्याचा त्रास कमी. करवत लावली, फोडला, की तंतू हवेत. वादळात फुटलेल्या त्या पत्र्यांचे तुकडे आमच्या वाडीत आजही आळ्यांना आडोसा म्हणून आणि परड्याच्या कुंपणाला लावलेले दिसतात. मुलं त्यावर दगड मारून नेम धरतात. पंचनामा झाला तेव्हा कोणी ते उचलून न्यायची गोष्ट काढली नाही. पूर्ण पडलेल्या घराची मदत त्या वेळी 95,100 रुपयांवरून दीड लाखावर गेली, ते चांगलंच झालं. पण छप्पर गेलं हे पाहायला जेवढी माणसं आली तेवढी ते का गेलं हे पाहायला आली नाहीत.

ते का गेलं याचं उत्तर बहुतेक घरांत बोटाच्या पेराएवढं असतं. आमचे पत्रे उतरवायच्या आधी मी शिडी लावून पाहिलं. पत्रा वरून ठीकठाक, रंग थोडा विटलेला. पण प्रत्येक स्क्रूभोवती तपकिरी कडं, त्यातून उताराच्या दिशेने निघालेला गंजाचा ओघळ, आणि रबराचा वायसर उन्हाने तडकून भुगा झालेला. एक स्क्रू मी नखाने हलवला तर डोकं हातात आलं. पाच-सहा वर्षं हे छप्पर स्वतःच्या वजनावर आणि आमच्या नशिबावर बसलं होतं. ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा खाऱ्या हवेत जास्त टिकतो, हे दुकानदार सांगतो आणि त्याचे पैसेही घेतो. त्याच्यासोबत स्क्रू मात्र साधेच पिशवीत भरून देतो.

शेवटी आमचं ठरलं ते असं. मधल्या घराला पत्रा, पण पाखं जुन्याच खड्या उताराचं. पडवीला कौलं, कारण काकू तिथे दुपारची आडवी होते आणि मेमध्ये पत्र्याखाली कोणी आडवं होऊन दाखवावं. पडवी ठेंगणी, तिथपर्यंत हात पोचतो, कौल सरकलं तर ती स्वतः बघू शकते. कौलाच्या पोटातल्या कानाला भोक असतं, त्यातून तार ओवून वळचणीच्या ओळी रिपेला बांधून घ्यायच्या. पुतणीला हे अर्धवट वाटलं. थोरल्याला पडवीचा हट्ट खर्चिक वाटला. काकूने कधी काम लावताय एवढंच विचारलं.

फॅब्रिकेटरला मी म्हटलं, कडांना आणि आढ्याला स्क्रू दुप्पट घाला, आणि स्टेनलेसचे घाला. त्याने वहीत लिहिलं, आकडा सांगितला, वर म्हणाला, “साहेब, खालून दिसत नाहीत ना, म्हणून कोणी पैसे देत नाही. त्याच पैशात लोक पुढे झालर मागतात.” आकडा ऐकून मीही क्षणभर झालरीचा विचार केला. मग मुंबईला फोन लावून हिशेब सांगितला: पत्र्याची जाडी, उतार, स्क्रूंचा वाढीव खर्च, पडवीची तार. थोरल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे रे, पण रंग कोणता घेतोयस?”